साउंडवाले भाऊ

वाशीम जिल्ह्यात लग्नाची तिथी भटजी काढतो, पण ती पक्की होते साउंडवाले भाऊ ‘जमते’ म्हणाले की मगच. रामनवमीच्या आसपास ते जमत नाही. तेव्हा पोहरादेवीला देशभरातून बंजारा समाज लोटतो आणि वाटेवरच्या पंगतीपंगतीला भोंगा लागतो. १४ एप्रिलला तर भाऊंच्या घरचा टेबलफॅनसुद्धा कुणीतरी ऑर्डरीत नेलेला असतो.

भाऊंचं नाव सांगण्यात अर्थ नाही. रिसोडला उतरा, मालेगावला उतरा, मंगरूळपीरला उतरा. ज्याच्या खिशात टेस्टर आणि मनगटात काळ्या टेपचं रीळ अडकवलेलं दिसेल, तेच भाऊ. टेम्पोवर ‘५०,००० वॉट’ असं लिहिलेलं असतं. हा आकडा कसा आला हे मी एकदा हिशोब मांडून पाहिलं. टेम्पोचा हॉर्न धरल्याशिवाय तो जमत नाही.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. “किती टॉप, किती बेस?”

“चार टॉप, चार बेस.”

“आमच्या चुलतभावाच्या इथी सहा होते.”

“मंग सहा घ्या नं.”

येतात सहाच, वाजतात चार. उरलेल्या खोक्यांत जास्तीच्या वायरी, हाताखालच्या पोट्ट्याची चादर आणि भाकरीचा डबा असतो. याला फसवणूक म्हणावी तर गंमत अशी, की वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट लागतात. भाऊंना हे पक्कं ठाऊक आहे. पण तीन डेसिबल कोणत्या नवरदेवाच्या बापाला विकता येतात? त्याला खोके मोजता येतात, म्हणून खोके आणायचे.

माइकच्या बाबतीत मात्र भाऊ स्वतःच गिऱ्हाईक असतात. त्यांच्याकडे एक ‘ओरिजनल शुअर’ आहे. एसएम अठ्ठावन्न. हा माइक १९६६ साली अमेरिकेत निघाला आणि अजून जवळजवळ त्याच रूपात विकला जातो, त्यामुळे त्याची नक्कल करायला बाजाराला सवड भरपूर मिळाली. भाऊंनी आपला माइक किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घेतला आहे. २९८ ग्रॅम. कंपनी सांगते तेवढाच. तो पेटीत मखमलीत असतो आणि फार मोठे महाराज आले तरच बाहेर येतो. बाकीच्यांना मिळतात ते त्याच चेहऱ्याचे, पण भरल्या वांग्याइतकेही वजन नसलेले.

माणूस कसा आहे हे भाऊ तो माइक कसा धरतो त्यावरून ओळखतात. पुढारी आधी दोन टिचक्या मारतात, मग फुंकतात, मग माइकलाच विचारतात, “चालू आहे का?” मास्तर हातभर दूर धरतात आणि मान वळवून भलतीकडेच बोलतात. नवरीचे मामा गाणं म्हणायला उठले की भाऊंचा हात आधीच बटणावर जातो, कारण मामांनी टीव्हीवर रॅपवाली पोरं पाहिलेली असतात. ते माइकची जाळीच मुठीत आवळतात. जाळीच्या मागच्या बाजूनं हवेला एक वाट ठेवलेली असते, आणि तिच्यामुळेच माइकला पाठीमागचं कमी ऐकू येतं. मूठ आवळली की ती वाट बुजते. माइकला चहूबाजूंचं ऐकू यायला लागतं, पायाजवळच्या मॉनिटरमधला मामांचा आवाज पुन्हा आत शिरतो, तिथून पुन्हा बाहेर, आणि मांडवभर शिट्टी.

सगळा मांडव भाऊंकडे पाहतो. मामांकडे कोणीच पाहत नाही.

“मामा, खाली धरा, दांड्याले! मुंडी नका आवळू त्याची!”

मामांना वाटतं, गडी दाद देतोय. ते आणखी आवळतात.

खरी करामत पाहायची असेल तर दुपारी दोन वाजता, मांडव रिकामा असताना जावं. भाऊ आवाज मुद्दाम वाढवत नेतात, शिट्टी उठेपर्यंत. उठली की पाठमोरे असतानाच म्हणतात, “अडीच हजार.” इक्वलायझरच्या एकतीस दांड्यांपैकी नेमकी ती दांडी पोट्टा खाली ओढतो आणि शिट्टी बसते. पुन्हा वाढवतात. “आठशे.” ती दांडी खाली. हे कोणी शिकवलेलं नाही. या कानाचे पैसे बिलात कुठे लावायचे हे भाऊंना आजवर सुचलेलं नाही. बिलात टॉप असतात, बेस असतात, जनरेटरचं डिझेल असतं.

दुसरं अर्थिंग. आपली काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, सळई जमिनीत असून नसल्यासारखी होते आणि स्पीकरमधून पन्नास सायकलचा घूं असा घोष सुरू होतो. मग भाऊ पहिली घागर मागतात ती सळईच्या बुडाशी ओतायला, मूठभर मीठ टाकून. व्याह्यांचे पाय धुवायचं पाणी त्यानंतर. एका लग्नात यावरून वरपक्ष रुसला होता. पण मंगलाष्टकं घूं न करता झाली.

अखंड हरिनाम सप्ताहात भाऊ सातही रात्री कीर्तनाला, तेही अगदी समोर. निरूपण कशावर होतं विचारा. “महाराजांचा आवाज गोड आहे, पण खालून घुमते. दोनशेवर थोडा काढला.” एवढंच. गाथ्यातला अभंग असो की ज्ञानेश्वरीतली ओवी, भाऊंच्या ध्यानात राहतं ते पखवाजाची डावी बाजू कोणत्या ठिकाणी माइकच्या अंगावर येते तेवढंच. टाळकरी दहा असोत की चाळीस, त्यांना माइक देत नाहीत. “टाळाले माइक लावला त मृदंग काय ऐकू येते?” याबाबतीत माझं मत शंभर टक्के भाऊंच्या बाजूनं आहे.

गावाची अडचण वेगळीच. देवळावर एक भोंगा, शाळेजवळच्या निंबावर दुसरा, पार वस्तीच्या टोकाला तिसरा. तारेतून वीज तिन्ही भोंग्यांत एकदमच पोचते, आवाज मात्र हवेतून पायी निघाल्यासारखा सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास चालतो. त्यामुळे मधल्या आळीत विठ्ठल तीनदा ऐकू येतो. आळीतल्या म्हाताऱ्यांची तक्रार नाही. पुण्य तिप्पट.

तक्रार असते ती काकड्याची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगा नाही. लावायचा तर दिवसाही लेखी परवानगी हवी. काकडा पहाटे चारला. गाव म्हणतं, भोंग्याशिवाय काकडा कशाचा? ठाण्यातले साहेब म्हणतात, भोंगा लावला तर मशीन जप्त. भाऊ दोन्हीकडे “हो जी” म्हणतात आणि देवळात एकच डबा स्पीकर ठेवतात, भिंतीकडे तोंड करून. रात्रीचं कीर्तन लांबलं की दहाला पाच कमी असताना ते महाराजांसमोर घड्याळ धरून उभे राहतात. असं धाडस गावात दुसरा कोणी करणार नाही.

आषाढीनंतर लग्नं थांबली की भाऊंना घरी स्टुडिओ काढायची लहर येते. कंडेन्सर माइक येतो, अठ्ठेचाळीस व्होल्ट देणारा इंटरफेस येतो, हेडफोन येतात, आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे लागतात. ट्रे आवाज अडवत नाहीत, फक्त पाहुण्यांना घरात कुक्कुटपालन आहे असं वाटतं. मांडवातला माइक तोंडासमोरचं ऐकतो आणि बाकीचं सोडून देतो. हा नवा माइक सगळंच ऐकतो. शेजारचा कुकर, दूरचा ट्रॅक्टर, पुढं सोयाबीन काढणीत थ्रेशर, आणि गाणाऱ्या भाच्यानं गिळलेली थुंकी. “हा चुगलखोर आहे,” भाऊ म्हणाले. “आपला बहिरा बरा होता.”

मग दिवाळीनंतर सासरवाडीला, मानोऱ्याकडे, त्यांना तो स्टुडिओ सापडला. सासऱ्यांनी भाव येईल म्हणून मधल्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, आढ्यापर्यंत. भाऊ आत शिरले, सवयीनं टाळी वाजवली, आणि टाळी परत आलीच नाही. ते तिथंच खाली बसले. दुसऱ्या दिवशी माइक, लॅपटॉप आणि भाचा सासरवाडीत. खोलीत दोन माणसांपुरती जागा, अंगभर कापूस, पण आवाज असा स्वच्छ की भाऊ हेडफोन उतरवेनात. भजनाची सहा पदं करायची होती.

“मामाजी, इकू नका इतक्यात. भाव वाढते.”

“तुमाले कसं ठाव, जवाई?”

“हवा आहे तशी.”

सासऱ्यांनी जवायाच्या शब्दावर बराच काळ कापूस धरला. भाव काही हलला नाही. सासूबाईंच्या अंगाला खाज सुटली, तेव्हा एका सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा राहिला. सहाव्या पदाचं एक कडवं झालं होतं, दुसरं बाकी होतं. ते संध्याकाळी रिकाम्या खोलीत, उघड्या भिंतींच्या मधे, कसंतरी उरकलं.

पदं मोबाइलवरून गावभर फिरली. पाच पदांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. सहाव्याला मात्र कारंज्यापासून फोन आले, सगळ्यांचं म्हणणं एकच. “भाऊ, दुसऱ्या कडव्याले इको लय भारी टाकला. कोणती मशीन घेतली?”

भाऊ थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाहेरची आहे. महाग पडते.”