वॉटराव

रविवारी पहाटे साडेपाचला नळ स्टॉपच्या कोपऱ्यावर अकरा सायकली उभ्या असतात. त्यांतल्या दहा निघायला तयार असतात. अकराव्या सायकलीचा मालक एक हात आभाळाकडे उंच करून उभा असतो. दुधाची पिशवी घेऊन चाललेल्या आजोबांना वाटतं, हा सूर्य उगवायच्या आधीच अर्घ्य देतोय. प्रत्यक्षात त्याच्या तळहातावर काडेपेटीहून जरा मोठं एक यंत्र असतं आणि ते उपग्रह शोधत असतं.

"दोनच मिनिटं हं. सॅटेलाइट लागत नाहीयेत."

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. ते इतक्या लांब का राहतात याचं कारण आपल्याला दर रविवारी कळतं, असं ग्रुपमधले डॉक्टर म्हणतात.

हे गृहस्थ म्हणजे वॉटराव. खरं नाव आता ग्रुपमध्ये कुणाला आठवत नाही. फोनमध्येही सगळ्यांनी असंच साठवलंय. वय ४६, राहायला कोथरूड, व्यवसायाने कर सल्लागार. सोमवार ते शनिवार लोकांच्या आकड्यांवर संशय घ्यायचा आणि रविवारी स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा, अशी कामाची विभागणी. असा एक तरी वॉटराव नाशिक, नागपूर, ठाणे, कोल्हापूर, कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये सापडतो. फक्त घाटाचं नाव बदलतं.

सायकल घ्यायला त्यांना दोन दिवस लागले होते. यंत्र घ्यायला सात महिने लागले.

तसं यंत्र त्यांच्याकडे आधीही होतं. हजार-दीड हजाराचं, वायरवालं. चाकाच्या तारेला चुंबकाचा तुकडा आणि पुढच्या चिमट्यावर सेन्सर. चुंबक समोरून गेला की चाकाचा एक फेरा मोजायचा आणि त्याला चाकाच्या परिघाने गुणायचं, एवढीच त्याची अक्कल. ती पुरेशी असते. असल्या यंत्राची बटणाएवढी बॅटरी महिनोन्महिने चालते आणि त्याला उपग्रह लागत नाहीत. मात्र परीघ आपण भरावा लागतो. २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरला २०९६, २८ च्या टायरला २१३६. वॉटरावांनी टायर २३ चे आणि आकडा २८ चा भरला होता. वर्षभर ते पावणेदोन-दोन टक्के जास्त वेगवान होते, आणि ती त्यांच्या सायकलिंगमधली सर्वांत सुखाची कारकीर्द. चूक लक्षात आली त्या रात्री त्यांनी वर्षाच्या ५,००० किलोमीटरचा हिशेब पुन्हा मांडला. ९४ किलोमीटर कमी भरले. पुण्याहून वाईला जाण्याइतकं अंतर ते कधी गेलेच नव्हते.

"आता जीपीएसवालंच घ्यायचं," त्यांनी जाहीर केलं.

मग एक एक्सेल शीट झाली. तिला २३ रकाने. बॅटरी किती तास, पडदा उन्हात दिसतो का, नकाशा आहे की नुसती रेघ, घाट किती उरला ते सांगतं का, वजन किती. टचस्क्रीन की बटणं, या प्रश्नावर जून ते ऑगस्ट गेले. (यावर त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे: घामाचं बोट आणि पावसाचा थेंब यांत टचस्क्रीनचा गोंधळ होऊ शकतो, मुळशीच्या पावसात बटणच बरं.) दुकानदाराला त्यांनी नऊ वेळा भेट दिली. सहाव्या भेटीपासून त्याने चहा विचारणं बंद केलं. गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट अशी नावं घरात इतकी घोळली, की सासूबाईंना ती जावयाच्या अशिलांची नावं वाटायला लागली.

"सहा-सात हजारांत येतं ते काय वाईट आहे?" बायकोने विचारलं.

"वाईट नाही गं. पण त्यात घाट उरला किती ते दिसत नाही."

"वर बघितल्यावर दिसत नाही का?"

हा प्रश्न शीटमध्ये नव्हता. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वेग, अंतर, वाट आणि छातीच्या पट्ट्याकडून येणारे ठोके एवढंच हवं असेल, तर स्वस्त आणि महाग यंत्रांच्या आकड्यांत सामान्य माणसाला जाणवेल असा फरक फारसा पडत नाही. चढे पैसे जातात ते नकाशे, पडदा आणि बॅटरी यांच्यासाठी. अनोळखी रस्त्यांवर लांब जाणाऱ्याला ते वसूल होतात. वॉटराव गेली चार वर्षं नळ स्टॉप ते सिंहगड याच रस्त्याने जातात, आणि त्यांच्या यंत्रात युरोपचा नकाशासुद्धा आहे.

यंत्र आलं आणि नवेच प्रश्न सुरू झाले. त्यात हवेच्या दाबावरून उंची मोजणारं छोटं वायुभारमापक आहे. आपण वर जाऊ तसा दाब कमी होतो, त्यावरून ते चढ मोजतं. पण बसल्या जागी हवामान बदलून दाब उतरला, तरी यंत्राला वाटतं माणूस चढला. एक मिलिबारला साधारण साडेआठ मीटर. पावसाळी ढग दाटून आले असताना वॉटराव डोणजे फाट्याला मिसळ खात बसले होते आणि ते बंद करायला विसरलेलं यंत्र शांतपणे चढत होतं. मिसळ संपेपर्यंत नऊ मीटर. "रेकॉर्डमध्ये असू दे," ते म्हणाले. कर सल्लागाराने न कमावलेलं उत्पन्न स्वखुशीने दाखवण्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग.

छातीच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी. २२० वजा वय हे सूत्र कुणीतरी सांगितलं म्हणून वॉटरावांनी १७४ ही मर्यादा भरली. सिंहगडाच्या तिसऱ्या वळणावर यंत्र किंचाळायला लागलं. वॉटराव उतरले, कठड्याला टेकले, डोळे मिटले आणि विमा पॉलिसीचा हप्ता भरलाय का ते आठवू लागले. मागून डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं, की १९७१ च्या सुमाराला मांडलेलं हे सूत्र कुठल्या खास प्रयोगातून आलेलं नाही. आधीच्या अभ्यासांतले ठिपके कागदावर मांडून त्यांतून एक ढोबळ रेघ ओढली होती. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. वॉटराव त्या दिवशी १८१ पर्यंत गेले आणि जिवंत वर पोचले. मर्यादा मात्र त्यांनी अजून १७४ च ठेवलीय. यंत्र ओरडलं की आपण मेहनत घेतोय असं वाटतं.

पण ज्याने त्यांना नाव दिलं, ते प्रकरण यानंतरचं.

पेडलवर पडणारा जोर वॉटमध्ये मोजणारं पॉवर मीटर हे जर्मन अभियंता उलरिख शोबेररचं काम; १९८६ मध्ये त्याने एसआरएम ही कंपनी काढली. धातू दाबाने किती किंचित वाकतो ते मोजायचं, त्याला फिरण्याच्या गतीने गुणायचं. बाकीचे आकडे फसवे असतात हे वॉटरावांचं म्हणणं खोटं नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला पाठीवर वारा असेल तर कुणीही शूर असतो, म्हणून वेगावर भरवसा नाही. हृदय मागाहून बोलतं. आपण जोर लावल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने ठोके वाढतात, आणि त्यात ऊन, अपुरी झोप, दोन कप चहा सगळं मिसळलेलं असतं. वॉट मात्र त्या क्षणी लावलेला जोर सांगतो. वारा कुठूनही असो.

त्यांनी चाचणीही दिली. २० मिनिटं जीव तोडून सायकल हाणायची, सरासरी काढायची आणि तिचे ९५ टक्के घ्यायचे. तासभर टिकेल असा तो अंदाज. १८४ चे झाले १७५. स्वतःच्या ७८ किलोंनी भागल्यावर किलोमागे २.२ वॉट. टूर द फ्रान्सचे घाट सर्वांत पुढे चढणारे ६ च्या आसपास असतात. हा भागाकार सुधारायला दोन वाटा आहेत: वरचा आकडा वाढवा नाहीतर खालचा कमी करा. वॉटरावांनी तिसरी शोधली. त्यांनी ३०० ग्रॅम हलकी सीट आणि बाटलीचा कार्बनचा पिंजरा घेतला. माणूस, सायकल, पाणी मिळून ९० किलोंत ३०० ग्रॅम म्हणजे तासाभराच्या चढाला जेमतेम १२ सेकंद. वर पोचल्यावर पडद्याचा फोटो काढायला ते चाळीस घेतात.

जमाखर्चाची बाजूही आहे. डोणज्याकडून वर साधारण ६०० मीटर चढ धरला, तर ९० किलो तेवढे उचलायला ५३० किलोज्यूल काम होतं. शरीर खाल्ल्यातला पाव-पंचमांश भागच पेडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होते. आणि एका किलोकॅलरीत चार किलोज्यूलहून थोडे जास्त असतात. त्यामुळे दोन्ही आकडे जवळपास सारखेच पडतात: ५३० किलोज्यूल काम, ५३० च्या आगेमागे कॅलरी खर्च. वर पिठलं-भाकरी, कांदाभजीची एक प्लेट आणि मडक्यातलं दही झालं की खातं बंद. दुसरी प्लेट वॉटराव 'पुढे ओढलेल्या तोट्या'त दाखवतात.

मग या सगळ्याचा उपयोग होतो की नाही? हा वाद गडावर दर रविवारी होतो, भजी येईपर्यंत.

"एडी मर्क्सकडे काय होतं?" कुणीतरी विचारतं. "१९७२ मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर मारले. पॉवर मीटरशिवाय."

"म्हणूनच तिथे थांबला," वॉटराव म्हणतात. "फिलिपो गान्ना २०२२ मध्ये ५६.७९२."

मधल्या पन्नास वर्षांत सायकल, कपडे आणि बसण्याची ढब किती बदलली, हे त्यांना कळतं. पण भजी आलेली असतात.

खरं उत्तर अधलंमधलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुरलेल्या सायकलपटूंचे दोन गट केले. एकाने वॉट बघून कसून सराव केला, दुसऱ्याने ठोके बघून. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फायदा कसून केलेल्या सरावाचा होता. मापपट्टी कुठलीही चालली. तरी वॉटरावांना वॉटचा फायदा झालाय, हे नाकारणं अन्याय होईल. पूर्वी ते गडाच्या पहिल्या दोन वळणांना गोळीसारखे सुटत आणि मधल्या टप्प्यात सायकलला धरून चालत. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं, पहिली वीस मिनिटं १७० च्या वर जायचंच नाही. सगळे पुढे गेले. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये ते एकेक करून परत भेटले. ६८ मिनिटांचा चढ ६१ वर आला. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या भज्यांचे पैसे दिले, आणि नंतर प्रत्येकाला आलेख पाठवला.

ग्रुपमध्ये एक निवृत्त गणिताच्या बाई आहेत. वय ६१. त्यांच्या हँडलवर फक्त घंटी. घरी मात्र बँकेच्या डायरीत रोज एक ओळ लिहितात: 'झोप बरी. पाय जड. उद्या नको.' वॉटरावांना या डायरीची दया येत असे. मग डॉक्टरांनी सांगितलं, की २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ५६ अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा सरावाचा ताण रक्ताच्या आणि ठोक्यांच्या नेहमीच्या मोजमापांपेक्षा खेळाडूने स्वतः सांगितलेल्या 'कसं वाटतंय' मध्ये जास्त नेमका दिसला होता.

"म्हणजे बाईंचाही डेटाच झाला की," वॉटराव चिंतेत म्हणाले. "पण ग्राफ कसा काढायचा?"

"अहो वॉटराव, ग्राफ कशाला? पाय जड लिहिलं की दुसऱ्या दिवशी मी झोपते. तुमचं यंत्र काय सांगतं?"

यंत्र जे सांगत होतं, ते वॉटराव कुणाला सांगत नव्हते. गेले आठ महिने ते एकच गोष्ट सांगत होतं: हळू जा. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंच्या वेळापत्रकांत पाहिलं, की त्यांचा साधारण ८० टक्के सराव गप्पा मारता येतील इतका आरामात असतो. वॉटरावांना हे सगळं पाठ आहे. मंगळवारी आणि गुरुवारी ठोके १३० च्या खाली ठेवायचे, हे त्यांच्या शीटमध्ये हिरव्या रंगात लिहिलेलं आहे. पण राइड संपली की यंत्र ती आपोआप स्ट्राव्हा ॲपवर टाकतं. तिथे सरासरी वेग दिसतो. अठरा. आणि खाली अशिलाचा मुलगा अंगठा देऊन जातो. तो अंगठा वॉटरावांना सहानुभूतीचा वाटतो. म्हणून मंगळवारी पहिली दहा मिनिटं १३०, मग कर्वे रस्त्यावर कुणीतरी ओलांडून जातं, आणि मग १६५.

बाईंनीच तोड काढली. "ते 'फक्त मला दिसेल' करता येतं ना? करा की."

वॉटरावांनी केलं. तीन आठवडे ते पहाटे एकटेच निघाले, पाषाणच्या बाजूने, रमतगमत. पाषाण तलावावर चित्रबलाक येतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ठोके १२६. रविवारी गडावर ५९ मिनिटं झाली आणि यंत्राने एकदाही आवाज केला नाही.

चौथ्या आठवड्यात ग्रुपवर निरोप आला: 'वॉटरावांची एकही राइड दिसत नाही. तब्येत बरी आहे ना?' कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. अशिलाच्या मुलाने थेट फोन केला. वॉटरावांनी अर्धा तास सहन केलं, मग सगळ्या राइड खुल्या केल्या आणि त्यांचं चित्र ग्रुपवर पाठवलं. बारा राइड, सरासरी वेग १७.४.

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग डॉक्टरांचं उत्तर आलं: 'सायकल हातात धरून चालत होतात का?'

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. पावणेसहाला कर्वे पुतळ्याजवळून एक सायकल सुसाट गेली. आजोबांनी दुधाची पिशवी सावरली. हँडलवर काहीतरी एकसारखं किंचाळत होतं.