खालून बघणारा माणूस

माणसं गाडी बघतात ती पुढून. रंग, दिवे, नंबरप्लेटवरचा आकडा. नवी असेल तर सीटवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही ना, हेही डोकावून पाहतात. पण एक जात अशी आहे की गाडी दिसली की आधी गुडघे टेकते आणि मान वाकडी करून तिच्या पोटाखाली बघते. आमचे नाना या जातीतले. गुडघे दुखतात म्हणून अंबाबाईच्या देवळात ते उभ्यानेच हात जोडतात. गाडीखाली मात्र सतरंजीही न टाकता आडवे होतात. जुन्या जीपचा मालक हा असा असतो. कोल्हापुरात आहे, साताऱ्यात आहे, नाशकात तर असणारच.

नानांची जीप सीजे थ्री बी. उंच बॉनेटची. बॉनेट उंच का, हे त्यांना चुकूनही विचारू नका. हरिकेन इंजिन उंचीला जास्त, ते मावेना म्हणून विलिसवाल्यांनी बॉनेटच वर उचललं, एवढं सांगून ते थांबत नाहीत. तिथून गाडी 1945 सालावर जाते. महिंद्रा कंपनीचं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद, त्यातले मोहम्मद पुढे पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि इकडे फाळणीनंतर मुंबईत विलिसच्या जीप जोडायला लागले. ‘फाळणीत जीप आपल्या वाट्याला आली,’ असं नाना म्हणतात, तेव्हा वाटणीच्या कागदावर त्यांचीही सही असावी असं वाटतं.

या जीपच्या मागच्या क्राउनमधून, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्यातून, तेल गळतं. थोरल्या नातवाच्या बारशापासून गळतंय. नातू आता बारावीला आहे. यात कोणाचाच दोष नाही. ऑइल सीलचं रबर म्हातारं होतं, ताठ होतं, आणि फिरत्या लोखंडाला पूर्वीसारखं बिलगत नाही. पण नाना ते इतकं सोपं राहू देत नाहीत.

जीपखाली रोज कालचा पेपर अंथरलेला असतो. सकाळी चहाच्या आधी नाना तो काढून वाचतात. बातम्या नव्हे, थेंब. ‘आज अग्रलेखावर पडलंय. म्हणजे पुढून, पिनियनचं सील. परवा छोट्या जाहिरातींवर होतं, ते मागच्या झाकणाचं पॅकिंग.’ मग थेंब दोन बोटांत चोळायचा आणि नाकाशी न्यायचा. काळा असेल तर इंजिनचं, रंग खात असेल तर ब्रेकचं, घट्ट आणि गंधकाचा वास मारत असेल तर नव्वद नंबर, गिअर ऑइल. ही सवय इतकी भिनली आहे की लग्नाच्या पंगतीत बोटाला लागलेलं श्रीखंडही ते आधी चोळून बघतात.

आता या निदानात एक मेख आहे. गाडी पळताना पिनियनचं तेल वाऱ्याने मागे उडतं आणि झाकणावर जमतं. माणूस झाकणाचं पॅकिंग बदलतो, वरून सिलिकॉनचा लेप देतो, आणि मूळ गळती पुढे आपली सुखाने चालू राहते. नानांनी झाकणाचं पॅकिंग कितीदा बदललं ते काकूंना विचारावं, कारण दर वेळी घरातली जुनी धोतरं पुसायला गेली आहेत.

रविवारी अंगणात सल्लागार मंडळ भरतं. कोणी म्हणतो, एकशेचाळीस नंबर टाका, घट्ट तेल गळणार नाही. कोणी साबणाची वडी घेऊन येतो. ती पेट्रोलच्या टाकीला चालते, इथे नाही, हे त्याला कोण सांगणार? एका गृहस्थांनी तर क्राउनमध्ये लाकडाचा भुसा भरण्याची युक्ती सुचवली. जुनी गाडी गळ्यात मारताना क्राउनचा आवाज दाबायला काही दलाल ती करायचे. नाना त्या गृहस्थांशी पुढे कित्येक महिने बोलले नाहीत.

नव्या पाहुण्यापुढे नाना डिफरन्शियल समजावूनही सांगतात. वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला, आतल्याला जवळचा. दोघांना आपापल्या चालीने जाऊ देणारा तो डिफरन्शियल. ‘आमच्या घरात ते काम माझ्याकडे आहे,’ असं चहा ठेवता ठेवता काकू म्हणतात. नाना पुढे सांगतात, एक चाक चिखलात फसलं की तेच नुसतं गरगर फिरतं आणि कोरड्यावरचं दुसरं गप्प उभं राहतं. यावर काकू काही म्हणत नाहीत. नानांकडे फक्त बघतात.

एकदा मात्र नानांनी स्वतःच तेल बदलायला काढलं. खालचा ड्रेनचा प्लग सोडला, तेल सगळं परातीत घेतलं. दीड लिटरही भरलं नाही, पण वास आख्ख्या गल्लीला पुरला. मग भरायचा वरचा प्लग सोडायला गेले, तर तो हलेना. पान्याला पाइप लावला, हातोडा मारला, रॉकेल ओतलं. प्लग जागचा हलला नाही. आता क्राउन कोरडा, म्हणून जीप गॅरेजला नेता येईना. आणि प्लग निघत नाही, म्हणून तेल भरता येईना. शेवटी मिस्त्री हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून घरी आले आणि प्लग तापवून काढला. पैसे कमी घेतले, हसले जास्त.

याच मिस्त्रींनी नंतर क्राउनला जोडलेला प्रॉपेलर शाफ्ट उतरवला, पिनियनवरची फ्लँज ओढली आणि बोट फिरवून सांगितलं, ‘नाना, सील नवं घाला न्हाईतर सोन्याचं घाला. फ्लँज खाल्लीया.’ इतक्या वर्षांत सीलच्या ओठाने फ्लँजवर बारीक चर पाडली होती. रबर लोखंडाला खातं, हे ऐकून नानांना आनंदच झाला. सांगायला नवीन मिळालं. उद्यमनगरात लेथवर नेऊन वर स्लीव्ह चढवू, असं मिस्त्री म्हणाले. मूळ विलिसच्या फ्लँजला लेथ लावायची? छे! मग तडजोड अशी ठरली की नवं सील जरा कमी आत ठोकायचं, म्हणजे त्याचा ओठ चरीवर न बसता कोऱ्या जागेवर बसेल. ही युक्ती खरी आहे, आणि जमली तर नामी आहे.

तरी गळलं.

तेव्हा मिस्त्रींच्या हाताखालचं पोरगं पहिल्यांदा बोललं. ‘नाना, वरचा ब्रीदर बगितला काय?’ हाउजिंगवर एक चिमुकलं भोक असतं. गाडी चालली की आतलं तेल आणि हवा तापते, हवा फुगते, ती त्यातून बाहेर पडते. ते मातीने बुजलं की दाब आत साठतो आणि मग सील नवं असो की जुनं, तेल त्याच्या काठाने वाट काढतं. नानांच्या ब्रीदरवर गगनबावड्याचा लाल चिखल पक्क्या विटेसारखा बसला होता. पोराने तार घालून साफ केला. खर्च शून्य.

आता खरं तर आनंद व्हायला हवा. नानांचा चेहरा मात्र पडला. इतकी वर्षं जिचा पाठलाग केला ती गळती तारेच्या तुकड्याने थांबावी, हे त्यांना अपमानास्पद वाटलं. ‘एवढ्यावर थांबणारी गळती आमच्याकडे नाही,’ ते म्हणाले. आणि सकाळी खरोखरच पेपरवर एक थेंब होता. पूर्वी पानभर असायचे, आता एक, तोही राशिभविष्यावर. ‘बघा!’ नानांनी तो पेपर पोराला दाखवायला गॅरेजपर्यंत नेला.

जीप विकणार का, असं विचारणारे येतात. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तिची फी 1 एप्रिल 2022 ला सहाशेची पाच हजार झाली होती, वर पर्यावरण कर. नाना हे सगळं भरतात आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवतात.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर नानांचा सल्ला सगळाच घेऊ नका, वेळ जाईल. दोन गोष्टी तेवढ्या करा. सील विकत आणण्याआधी ब्रीदर साफ करा. आणि ड्रेनच्या प्लगला पाना लावण्याआधी भरायचा प्लग सुटतोय का, ते बघा.