एका सेल्फमध्ये

दसऱ्याच्या सकाळी आमच्या डहाणूच्या आळीत एक आवाज येतो. आधी घुर्र घुर्र घुर्र, मग दम लागल्यासारखं एकच घुर्र, आणि मग नुसतं टक्. रांगोळी घालणाऱ्या बायका मान वर न करता म्हणतात, "काकांनी गाडी काढली वाटतं." काढली म्हणजे पत्र्याच्या शेडमधून ढकलत अंगणात आणली. ढकलायला आम्ही चौघं, स्टिअरिंगला काका. "हळू रे, हळू! म्हातारी आहे ती," असं ते आतून ओरडत असतात. तेव्हा आमच्यातला सर्वांत तरुण गडी पन्नाशीचा असतो.

असा एक काका प्रत्येक गावात असतो. नाशकात त्याच्याकडे जावा मोटरसायकल असेल, सांगलीकडे विलीस जीप. आमच्याकडे फियाट आहे. काकांच्या वडिलांनी चिकूच्या पैशांतून 1973 साली घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. तिला कुणी पद्मिनी म्हणू नये. म्हटलं तर काका चहाचा कप खाली ठेवतात. "पद्मिनी हे नाव 1974 नंतरचं. ती हिची धाकटी बहीण." 2023च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा मात्र धाकट्या बहिणीसाठीसुद्धा काका दोन दिवस नीट जेवले नाहीत. काकू सांगतात, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा दोन्ही वेळा पोटभर जेवले होते."

गाडी वर्षातले तीनशे साठ दिवस शेडमध्ये असते. पण ती उभी आहे असं म्हणायचं नाही. ती आराम करते. ती बंदही पडत नाही, फक्त 'रुसते'. आणि सुरू होते ती नेहमी एका सेल्फमध्ये. काकांच्या या हिशेबाचं गणित मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. सातव्यांदा चावी फिरवल्यावर गाडी धडधडली की ते विजयी मुद्रेनं वळून म्हणतात, "बघितलंस? एका सेल्फमध्ये!" आधीचे सहा सेल्फ तिला जागं करण्यासाठी असतात, ते मोजायचे नसतात. त्यांच्या ब्लडप्रेशरच्या मोजणीतही हाच नियम लागू आहे, पहिली दोन रीडिंग धरत नाहीत.

काकांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे 'ओरिजिनल'. सीटवरचं फाटकं रेक्झिन ओरिजिनल, न वाजणारा हॉर्न ओरिजिनल, डाव्या दरवाज्याचा गंजसुद्धा ओरिजिनल. कारण तो डहाणूच्या खाऱ्या वाऱ्याचा आहे, बाहेरून आणलेला नाही. त्यात 2021 साली सरकारनं नियम काढला, की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळेल, नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं येतील; मात्र चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. झालं! काकांनी नियमाची प्रत काढली, 'ओरिजिनल' स्वरूपाच्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि त्याचा अर्थ असा लावला, की एकही वस्तू बदलली तर आरटीओचा साहेब ओळखेल. तेव्हापासून एक फाइल तयार होते आहे. फाइलची तब्येत गाडीपेक्षा पुष्कळ चांगली आहे.

या फाइलपायीच ती रबरी नळी वाचली. पेट्रोलच्या पंपापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी, वीतभर लांबीची. तलासरीहून येणारा मेस्त्री (हायवेवर ट्रकची कामं करतो, पण फियाटचं नाव काढलं की त्याचा चेहरा मऊ होतो) दर वर्षी सांगायचा, "काका, नळी बदलू या. वीस रुपयाची वस्तू आहे." काका म्हणायचे, "ओरिजिनल आहे ती." एकदा मेस्त्री वैतागून म्हणाला, "काका, तुमचे दातपण ओरिजिनलच होते की." काका हसले. कवळीसकट हसले, पण नळी बदलली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मुहूर्त होता पावणेदहाचा आणि मेस्त्री येणार होता दहाला. काकांच्या दृष्टीनं ही चूक मेस्त्रीची. नऊ वाजताच त्यांनी माझ्या स्कूटरच्या टाकीत नळी घातली आणि तोंडानं ओढून कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल काढलं. हा दसऱ्याचा रिवाजच आहे. लोक आपट्याची पानं देतात, मी पेट्रोल देतो. मग एअर फिल्टरचं झाकण काढलं. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पंपाकडून नवं चढेपर्यंत सेल्फ मारत बसावं लागतं, आणि तेवढा दम ना बॅटरीत असतो ना काकांत. म्हणून ते बाटलीतलं थेट कार्बोरेटरच्या तोंडात ओततात. "तीर्थ देतोय," म्हणतात.

काकू निरांजन, हळद-कुंकू आणि झेंडूचा हार घेऊन बॉनेटजवळ उभ्या. पेट्रोलचा वास शेजारच्या वाडीपर्यंत गेलेला. तेवढ्यात मोटरसायकलवरून उतरता उतरताच मेस्त्री ओरडला, "काकू, आधी ती आरती लांब न्या!" काकू निरांजन घेऊन तुळशीपाशी गेल्या. आम्हाला वाटलं, संकट टळलं. काकांनी आणखी एक घोट तीर्थ दिलं आणि मला म्हणाले, "मार!"

मी सेल्फ मारला. घुर्र, घुर्र, आणि फाट्!

आवाज फटाक्यासारखा. कार्बोरेटरच्या तोंडातून हातभर ज्योत वर आली, खाली निळी, वर पिवळी. काका एका हातात बाटली धरून ज्योतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाटली जास्वंदीत भिरकावली. त्या ज्योतीपासून बाटली जेमतेम वीतभर दूर होती, हे मला अजून रात्री आठवतं. तोवर कार्बोरेटर बाजूनंही गळायला लागला होता आणि आग खाली पसरत होती. शेजारचा पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला. मेस्त्री त्याच्यावर असा गरजला, की पोरगा बादलीसकट बसला. "पाणी नको! पेट्रोल पाण्यावर तरंगतं, सगळ्या अंगणात आग नेशील! चावी बंद करा!" मी चावी बंद केली आणि दाराबाहेर उडी मारली. मेस्त्री माती शोधतोय, काका देवाचं नाव घेताहेत, आणि काकू नळाखालचं पाय पुसायचं ओलं गोणपाट घेऊन आल्या. त्यांनी ते घडीचं सरळ कार्बोरेटरवर दाबलं, उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवावं तसं. ज्योत मेली. मेस्त्रीनं बॅटरीची वायर सोडवली. सगळं मिळून अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल.

मग चहा झाला आणि शवविच्छेदन सुरू झालं. मेस्त्री बोलत होता आणि काका दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीबद्दल चाललंय अशा चेहऱ्यानं ऐकत होते. पॉइंट गंजलेले, टायमिंग हललेलं. ठिणगी नको त्या वेळी पडली, व्हॉल्व्ह उघडाच होता, म्हणून आतला भडका उलटा वर आला. फिल्टर जागेवर असता तर बहुतेक तिथेच अडला असता. आणि गळती? कार्बोरेटरच्या वाटीतली सुई जुन्या पेट्रोलच्या चिकट राळेत अडकली होती. वाटी भरली तरी पेट्रोल थांबेना, ते वरून सांडलं. त्यानं बॉनेटखाली हात घालून मूठभर काहीतरी काढलं. किनाऱ्यावरच्या सुरूच्या सुकलेल्या काड्या, बॉनेटच्या अस्तराचा कापूस, कुरतडलेल्या वायरचे तुकडे आणि चिकूच्या तीन काळ्याभोर, चकचकीत बिया. उंदरांनी इंजिनावर संसार थाटला होता. "हे पेटलं असतं ना काका," मेस्त्री म्हणाला, "तर गोणपाट पुरलं नसतं."

शेवटी ती नळी. त्यानं ती काकांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "दाबा." काकांनी अंगठ्यानं दाबली. चहात न बुडवलेल्या बिस्किटासारखा कट्कन तुकडा पडला. आतून भेगाच भेगा, बोट फिरवलं तर काळी पूड निघत होती. "आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेलं असतं," मेस्त्री म्हणाला. "त्या वेळचं रबर त्यासाठी केलेलंच नाही. फुगतं, मऊ पडतं, सुकलं की तडकतं. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, टाकी आतून गंजते ती वेगळीच." काका बराच वेळ तळहाताकडे बघत बसले.

बाजूच्या वाडीतले इराणी शेठ गडबड ऐकून आले होते. इथून जवळच्या बहारोटच्या डोंगरात पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षं लपवून जपला, असं परंपरा सांगते. आता तो उदवाड्याला आहे, 1742 पासून. शेठनी बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "काका, आमच्यात अग्नीला फार मान. पण त्याची जागा ठरलेली असते."

काका तेवढ्यावर सुधारले असं कुणी समजू नये. नवी नळी बसली, क्लिप बसल्या, कार्बोरेटर उघडून साफ झाला. हल्ली मेस्त्री आल्याशिवाय बॉनेटला कुणी हात लावत नाही आणि माझ्या स्कूटरचं पेट्रोल स्कूटरमध्येच राहतं. चावी फिरवायच्या आधी मेस्त्री नळीवरून बोट फिरवून वास घेतो, कुठे ओलं आहे का बघतो, उंदरांची चौकशी करतो. काकांना हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. ते घड्याळ बघत येरझारा घालतात. त्यांनी लाल रंगाचा पावडरीचा एक छोटा सिलिंडरही आणला. पण तो डिकीत, कुलपात, वरचं प्लास्टिक तसंच ठेवून. का, ते विचारायची सोय नाही. जुन्या नळीचे दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून व्हिंटेजच्या फाइलीत लावलेत आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'मूळ भाग, मागणी केल्यास सादर करू.'

गेल्या दसऱ्याला मी लवकर गेलो होतो. ओसरीवर शस्त्रपूजन मांडलं होतं. पाटावर काकांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, प्लग खोलायचा पाइप, सगळं पुसून ओळीनं लावलेलं. काकूंनी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, फुलं वाहिली. मग त्या आत गेल्या, नळाखालून ते गोणपाट पिळून आणलं, घडी घालून पाटाच्या मधोमध ठेवलं आणि त्यालाही कुंकू लावलं. काकांनी एकदा गोणपाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ओलं आहे ना?" त्यांनी काकूंना विचारलं.