सरळ जा, तुरीतून

आता नकाशा बोटाने ओढायचा नाही, त्याच्याशी बोलायचं. गूगल मॅप्समध्ये जेमिनाय हा एआय सहायक आलाच आहे: वाक्यातलं गाव नि अट वेचतो, अक्षांश-रेखांश काढतो, नकाशाला प्रश्न टाकतो. पण बार्शीटाकळीसारख्या गावात त्याचा खोळंबा नावापासूनच. बार्शी सोलापुरात, टाकळ्या महाराष्ट्रभर! समजा, इथलं हेमाडपंती देऊळ त्याने बिनचूक दाखवलं. मग कास्तकार विचारतो, "भाऊ, माह्या वावरात जायची पांदण कोठी हाय?" गावनकाशावर ती ठसठशीत आहे, प्रत्यक्षात तिच्यात शेजाऱ्याची तूर कमरेएवढी. यंत्र अदबीने म्हणेल, "सरळ जा." ती वाट मोकळी करून घ्यायचा पुढचा मार्ग 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमातून, तहसीलदारांच्या टेबलावरून जातो. तिथली कोंडी लाल रंगात दाखवायची सोय मात्र अजून झालेली नाही.