विंडेनची शिरगणती

'डार्क' या जर्मन मालिकेतलं विंडेन हे गाव एवढंसं. एक अणुवीज प्रकल्प, एक गुहा, सततचा पाऊस आणि लफडी मात्र महानगरपालिकेला पुरतील एवढी. कोण कोणाच्या दारात जातं यातच गाव इतकं गुंतलेलं, की पोरं कुठे जातात हे बघायला सवड कोणाला? २०१९मध्ये हरवलेला मिकेल निघतो १९८६मध्ये. त्याला शोधणारा पोलीस बाप थेट १९५३मध्ये जाऊन स्वतःच गजाआड होतो. (आपल्याकडे तपास नुसताच मागे पडतो, तिथे तो ३३-३३ वर्षांनी पडतो.) पुढे एक बाई तर स्वतःच्याच लेकीची लेक निघते. तिन्ही सीझन मी वंशावळ कागदावर मांडत होतो. काल बघतो तर कागदच गायब.