पाळण्यातील सार्वभौम सत्ता

केवळ ओठ घट्ट मिटून घरातील यच्चयावत वडीलधाऱ्यांचा अंमल बरखास्त करणारी सत्ता पाळण्याखेरीज अन्यत्र आढळत नाही. आजीने सहाणेवर उगाळलेली हिरडा-मुरुडशेंगेची गुटी ती बोंडल्यासकट नामंजूर करते; आणि डॉक्टरांनी फर्मावलेले गुलाबी पातळ औषध, पित्याने खुळखुळा वाजवून व आत्याने टाळ्या पिटून रुजू केले असता, क्षणभर गालात तहकूब ठेवून, अखेर हजर मंडळींच्या वस्त्रांवर समप्रमाणात वाटून टाकते. नाक दाबून तोंड उघडण्याचा म्हणीतला उपाय येथे धोक्याचा, कारण औषध श्वासनलिकेत जाण्याचे भय. सबब बाळाचे डोके किंचित उंच धरून, बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या आतल्या बाजूस थोडेथोडे सोडणे, हाच काय तो सन्माननीय तह. मात्र विजयोत्सव मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, दुसरा डोस सहा तासांनी आहे.