मान्यवरांचं वजन

पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव तसं कशातच मागे नाही. एसटी उशिरा आली, नळ उशिरा आले, वेबसाइट मात्र वेळेवर आली. फक्त ती उघडत नाही. म्हणजे उघडते, पण हप्त्याहप्त्याने. आधी भैरवनाथाच्या देवळाचा कळस येतो, मग सरपंचांच्या फेट्याचा तुरा, मग फेटा, मग कपाळ. कपाळावरचा गंध दिसेपर्यंत हातातला चहा संपलेला असतो. मिशा बघायच्या तर दुसरा मागवावा लागतो.

हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा दिवाळीला आला, तेव्हा यात्रा कमिटीने त्याला धरलं. सर्व्हर मोठा घेऊ, वर्गणी काढू, असं अध्यक्षांचं मत. वर्गणी काढण्याच्या बाबतीत त्यांचा वेग पहिल्यापासून चांगला आहे. भाच्याने लॅपटॉप उघडला, एक बटण दाबलं, बराच वेळ आकडे वाचले आणि हळूच म्हणाला, "मामा, सर्व्हर ठणठणीत आहे. ही मंडळी जड आहेत."

पहिल्याच पानावर चोवीस मान्यवर. प्रत्येकाचा फोटो फ्लेक्सवाल्याकडून थेट उचललेला, दहा-दहा एमबीचा. मोबाइलवर दिसतो टपालाच्या तिकिटाएवढा, पण येतो चौकातल्या होर्डिंगच्या मापाचा. हे पान उघडतं कोण? ऊसतोडीला गेलेली आमची पोरं, रात्री कोपीवर बसून. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज, त्यातला सहावा हिस्सा नुसता मान्यवरांच्या दर्शनात जायचा.

फोटो बारीक करायचे ठरले. जेपेग नावाची रीत १९९२ पासून आहे, गूगलने २०१० मध्ये वेबपी नावाची आणखी काटकसरी काढली. दोन्हींचं तत्त्व एकच : डोळ्याला जे जाणवत नाही ते टाकून द्यायचं. हे भाच्याने बैठकीत सांगितलं. सांगायला नको होतं. "माझ्यातलं काय जाणवत नव्हतं?" एका माजी सभापतींनी विचारलं. बैठकीत जी शांतता पसरली, तिच्यात एरवी नारळ फुटतात.

खरं रामायण पुढे झालं. २०१९ पासून ब्राउझरमध्येच एक सोय आली आहे. वाचणारा जिथवर पोचला तिथवरचेच फोटो आणायचे, खालचे तो खाली सरकला की आणायचे. पान झटक्यात उघडतं. पण म्हणजे वरच्या रांगेतले आधी आणि खालच्या रांगेतले मागनं! "पंगतीतसुद्धा आम्ही असं करत नाही," तात्या कडाडले. (करतात. वाढप्याला विचारा.) शेवटी नावं अक्षरवारीने लावायची असा तोडगा निघाला आणि त्याच रात्री गावात अण्णा आणि अप्पा यांची संख्या वाढली.

आमचं पान अमेरिकेतल्या स्वस्त सर्व्हरवर होतं, ते मुंबईला आणलं, त्यावरून मात्र कुणी भांडलं नाही. काचेच्या तारेतून प्रकाशसुद्धा सेकंदाला दोन लाख किलोमीटरच धावतो आणि पानाचं पहिलं अक्षर दिसण्याआधीच ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या दोन-चार खेपा होतात, हे सगळ्यांना एकदम पटलं. अमेरिकेत कमिटीचं कुणी नव्हतं.

उरला कॅशे. एकदा आणलेली चित्रं ब्राउझर स्वतःजवळ ठेवून देतो, परत मागवत नाही. भाच्याने मुदत घातली एका वर्षाची. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. आम्ही तातडीने वरची पाटी बदलली, तर जुन्या वाचकांना आपलं अहमदनगरच दिसतंय! फोनवर फोन. कुणाला त्यात विरोधकांचा हात दिसला, कुणाला माझा. भाचा पुण्याहून म्हणाला, "पाटीच्या फाइलचं नाव बदला. नाव बदललं की ब्राउझरला सगळं नवीन वाटतं." यावर मला बरंच बोलता आलं असतं, पण मला गावात राहायचं आहे.

पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असा दंडक गूगलने २०२० मध्ये घालून दिला. आमचं पान आता त्याच्या आत उघडतं, कोपीवरसुद्धा. मिशांसकट. आणि इतकं भरभर उघडायला लागल्यावर पहिल्यांदा सगळ्यांच्या ध्यानात आलं की यात्रा कधी आहे, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नाही.

तर यात्रा चैत्र पौर्णिमेला आहे. छबिना रात्री, हगामा दुसऱ्या दिवशी दुपारी. सगळ्यांनी यावं. फोटो पाठवणार असाल तर शंभर केबीच्या आत पाठवा.